वडिलांचे जहाज विकायला निघाले आणि ५२,७४९ रुपये गमावून बसले

मार्चच्या ९ तारखेला दुपारी अवघ्या १७ मिनिटांत माझ्या खात्यातून ५२,७४९ रुपये गेले. क्यूआर कोड स्कॅन करायला लावून पैसे उपटण्याचा हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होता, आणि तरीही मी फसले. हे लिहिताना मान खाली जाते, पण घरातील जुन्या वस्तू विकायला काढणाऱ्यांना ही माणसे नेमकी कुठे पकडतात, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझे वडील मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात होते. १९७९ साली त्यांची बोट लंडनला लागलेली असताना ग्रीनिचच्या सुक्या गोदीत जतन केलेले ‘कटी सार्क’ हे १८६९ सालचे शिडाचे जहाज त्यांनी पाहिले, आणि त्याच्या लाकडी प्रतिकृतीचे ‘बिलिंग बोट्स’ या डॅनिश कंपनीचे किट विकत घेतले. निवृत्तीनंतर निवांत बांधू, असे ते म्हणत, आणि किट रत्नागिरीच्या घरी माळ्यावरच राहिले. वडील गेल्यावर घर रिकामे करताना मी खोका उघडला, तेव्हा भाग छापलेले प्लायवूडचे तुकडे, पातळ पट्ट्यांच्या जुड्या आणि घडी घातलेले मोठे आराखडे जसेच्या तसे होते. एका आराखड्याच्या कडेला वडिलांनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘आधी कणा सरळ आहे का पाहणे.’

भावाशी बोलून आम्ही ते एखाद्या हौशी माणसाला द्यायचे ठरवले. किंमत ठरवायला मी दोन आठवडे घेतले, आणि ते काम मी नीट केले होते, हे मला सांगितलेच पाहिजे. विकणारा काय मागतो ते पाहू नये, माल प्रत्यक्षात कितीला गेला ते पाहावे. याच जहाजाचे किट कंपनी नंतरही बनवत राहिली, त्यामुळे केवळ जुने म्हणून त्याला सोन्याचा भाव येत नाही. लाकूड वाकलेले आहे का, आराखडे फाटलेले आहेत का, आणि मुख्य म्हणजे फिटिंग आहेत का, यावर सगळे ठरते. त्या काळी लाकडाचा खोका आणि नांगर, कप्प्या, साखळ्या असा फिटिंगचा संच वेगवेगळा विकला जाई, म्हणून फिटिंगशिवायचा जुना खोका अर्धवटच समजायचा. वडिलांनी दोन्ही घेतले होते. मी १८,५०० रुपये किंमत लावली आणि वडिलांच्या नोकरीचा उल्लेख करून जाहिरात दिली. तो उल्लेख करायला नको होता. आपल्या घरची हकीकत जाहिरातीत लिहू नका.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ‘ताई, मी स्वतः मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे, तुमच्या बाबांच्याच लाइनीतला,’ असे तो स्वच्छ मराठीत म्हणाला आणि त्याने आपल्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तकाच्या, पानाचा फोटो पाठवला. तसेच पुस्तक मी लहानपणापासून वडिलांच्या ट्रंकेत पाहिलेले होते, त्यामुळे माझा विश्वास बसला. माझ्या जागी कुणाचाही बसला असता.

पण मला खरे ओळखायला हवे होते ते त्याच क्षणी, आणि तो क्षण आठवला की अजूनही माझी झोप उडते. त्याने फिटिंगबद्दल विचारले नाही. त्याआधी आलेल्या दोन्ही खऱ्या गिऱ्हाइकांनी पहिल्याच वाक्यात तेच विचारले होते, आणि एकाने तर त्या डब्याचा उघडून काढलेला फोटो मागितला होता. मी आपण होऊन ‘फिटिंगचाही डबा आहे बरं का’ म्हणाले, तर तो क्षणभर थांबला आणि ‘हो हो, ते ठीक आहे, पेमेंट कसं घेता?’ असे म्हणाला. घासाघीस नाही, लाकडाची चौकशी नाही, थेट पैसे. मी ते ऐकले, मला ते खटकलेही, आणि तरी मी गप्प राहिले. ज्याला वस्तू हवी असते तो वस्तूबद्दल बोलतो.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. आधी ५ रुपयांचा कोड स्कॅन करायला लावून त्याने १० रुपये पाठवले, आणि ते खरोखरच जमा झाले. मग ‘अर्धे आगाऊ’ म्हणून आलेल्या कोडवर ९,२५० गेले. ‘चुकून उलटं झालं, आता पूर्ण रक्कम टाकतो’ म्हणत १८,५०० गेले. मग ‘दोन्ही परत करायला शेवटची नोंद’ म्हणून २४,९९९ गेले. फोन स्पीकरवर, तो अखंड बोलत होता, आणि गेलेले परत मिळवण्याच्या घाईत मी तिन्ही वेळा स्वतःच्या हाताने पिन घातला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. भाजीवाल्याला रोज पैसे देणाऱ्या मला हे माहीत नव्हते असे नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी रात्री फोन केला, कारण तोवर घरात सांगायचे धैर्य होत नव्हते. ते पाच तास मी वाया घालवले. तुम्ही पाच मिनिटेही थांबू नका. पण त्यानंतर जे झाले त्याचा दोष मी स्वतःकडे घेणार नाही. बँकेतील अधिकाऱ्याने मान वर न करता सांगितले, ‘पिन तुम्हीच घातलात, बँक जबाबदार नाही.’ नियम तसा असेलही, परंतु समोरच्या खात्यात पैसे कुठे गेले हे विचारायला तरी त्याने कागद हातात घ्यायला हवा होता. पोलीस ठाण्याने सायबर कक्षाकडे पाठवले, सायबर कक्षाने ‘रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या’ म्हणून परत पाठवले. ठाण्यात सांगितले की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो आणि साहेब बंदोबस्तावर आहेत. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हे मला तिसऱ्या फेरीला कळले. तुम्ही पहिल्याच दिवशी एफआयआरची प्रत मागा. चौथ्या फेरीला तक्रार लिहून घेतली, तर तीत ‘खेळण्यातील बोट’ असे लिहिले होते. मी ते खोडून ‘जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीचे न बांधलेले किट’ असे लिहायला लावले, तेव्हा लिहिणारा म्हणाला, ‘मॅडम, त्याने काय फरक पडतो?’ फरक पडतो. ते माझ्या वडिलांचे होते.

एका खात्यात ६,२०० रुपये गोठवले गेले आहेत, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते मिळणार नाहीत असे सांगतात, आणि त्यासाठी कोणता अर्ज कुठे करायचा हे मला दोन खिडक्यांवर दोन तऱ्हेने सांगण्यात आले आहे. कोडचे आणि संभाषणाचे फोटो मी त्याच दिवशी काढून ठेवले, म्हणून निदान एवढे तरी हाती लागले. त्याने नंतर सगळे संदेश पुसून टाकले होते.

फिटिंगचा फोटो मागणाऱ्या गृहस्थांना मी काल स्वतःहून फोन केला आणि घडलेले सगळे सांगितले. ते म्हणाले, ‘मी रविवारी रत्नागिरीला येतो, खोका समोर बसून बघतो आणि रोख देतो.’ भाऊही येणार आहे. फिटिंगचा डबा मी पुन्हा एकदा मोजून ठेवला आहे.