सुपरफंडचे कागद: साइट फाइल की प्रशासकीय अभिलेख?

अमेरिकेत १९८०च्या सुपरफंड कायद्याखाली विषारी कचऱ्याची जागा साफ करताना कागदांचे दोन संच होतात. साइट फाइलमध्ये सगळंच जातं: माती-पाण्याचे अहवाल, कंत्राटं, बिलं, पत्रव्यवहार. प्रदूषकाकडून खर्च वसूल करायचा तर हीच उपयोगी. प्रशासकीय अभिलेखात मात्र ज्यांच्या आधारे उपाय ठरला तेवढेच कागद, लोकांच्या हरकती आणि त्यांना दिलेली उत्तरं धरून. १९८६च्या दुरुस्तीनंतर उपाय योग्य होता का, हे कोर्ट याच अभिलेखावरून तपासतं. शिवाय तो जागेजवळ, बहुधा गावच्या वाचनालयात, लोकांसाठी खुला लागतो. उपाय ठरवताना विचारात घेतलेला अहवाल गैरसोयीचा असला तरी गाळायची मुभा नाही, बरं का! मला विचाराल तर अभिलेख पहिल्या दिवसापासून जमवावा. निर्णयानंतर साइट फाइल उपसत बसणं महागात पडतं.