बदलापूरचा 'जिन्यावरचा' : पहिल्या भेटीसाठी मी हाच बार का निवडला

मी बिअर पिते. महिन्यातून एक-दोनदा, एक बाटली, बहिणीबरोबर किंवा कामावरच्या मैत्रिणींबरोबर. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा ही गोष्ट मी तिसऱ्या-चौथ्या फोनला सांगायचे. समोरचा "अच्छा" म्हणायचा आणि पाचवा फोन यायचाच नाही. असं दोनदा झालं, आणि दुसऱ्या वेळी मला फार लागलं. म्हणून या वेळी ठरवलं की पहिली भेटच बारमध्ये करायची, तीही आपल्या गावात. या वेळच्या मुलाला तसं सांगितलं तर म्हणाला, "चालेल की. मी पीत नाही, पण तुम्ही घ्या."

तो अंबरनाथचा, मी बदलापूर पूर्वेची, कात्रपची. त्याने आधी ठाण्याचा मॉल सुचवला होता. मी नाही म्हटलं. ठाण्याच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने हाताळून झाल्यावर त्याच गर्दीत नटूनथटून बसायचं, आणि मग रात्रीच्या लोकलला उभं राहून कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत घरी यायचं, हे मला नको होतं. बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर आहे. इथे राहणाऱ्या माणसाचा निम्मा जीव प्रवासात जातो. शिवाय रात्री दहानंतर कुठल्या रस्त्यावर दिवे असतात, रिक्षा कुठे मिळते, कुठलं दुकान उघडं असतं, हे मला बदलापुरात माहीत आहे. अनोळखी माणसाला भेटताना ही माहिती फार कामाची असते.

आधीच्या रविवारी दुपारी बहिणीला घेऊन तीन जागा बघून आले. दुपारी तीन-साडेतीनला बार रिकामा असतो, दिवे पूर्ण लावलेले असतात, लादी पुसत असतात. जागा खरी कशी आहे ते तेव्हाच दिसतं.

पहिली जागा स्टेशनजवळची. खाली परमिट रूम, वर 'एसी फॅमिली'. आपल्याकडच्या बहुतेक बारमध्ये बाईमाणसाची सोय म्हणजे हा माळा. लाकडी कप्पे, प्रत्येकाला पडदा, आत एक बुटकं टेबल आणि मिणमिणता दिवा. पडद्यामागे बसलं की बाहेरचे लोक आपल्याला बघत नाहीत, हे खरं. पण आत काय चाललंय तेही कोणाला दिसत नाही. नवऱ्याबरोबर, मुलाबाळांबरोबर जेवायला ठीक आहे. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटतेय त्याच्याबरोबर मी पडद्याआड बसणार नाही. शिवाय गेल्या वर्षी मामेभावाबरोबर याच माळ्यावर बसले होते. ऑर्डर मी दिली, एक बिअर आणि एक कोल्ड्रिंक. वेटरने बिअर त्याच्यापुढे फोडली, कोल्ड्रिंक माझ्यापुढे ठेवलं आणि त्यालाच विचारलं, "मॅडमना ब्रीझर देऊ का?" भावाने ग्लास सरकवला, पण पुढचा तासभर तो वेटर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बिलही भावाच्याच हातात.

दुसरी जागा कर्जत रोडवरची, गार्डनवाली. दिसायला तिन्हींत सुंदर. बांबूच्या झोपड्या, झाडांवर दिव्यांच्या माळा, मोकळी हवा. फोटो बघून कोणीही हीच निवडेल. पण बाथरूम पार मागे, झाडांच्या रांगेपलीकडे, आणि तिथला बल्ब गेलेला. आतून कडीच्या जागी दोरी. दुसरं म्हणजे साडेनऊनंतर तिथून रिक्षा मिळत नाही, ज्याच्याबरोबर आलो त्याच्याच गाडीवरून परतावं लागतं. पहिल्या भेटीत मला माझी मी परत येता आलं पाहिजे. ती जागा तिथेच बाद झाली.

तिसरा 'जिन्यावरचा'. पाटीवर नाव वेगळं आहे, पण बदलापुरात कोणी ते घेत नाही. खाली हार्डवेअरचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर बारा टेबलांचा एकच सरळ हॉल. पडदे नाहीत, कप्पे नाहीत. काउंटर दाराशी, आणि काउंटरवरून बाराही टेबलं दिसतात. रुळांच्या बाजूला दोन खिडक्या आणि त्यांना लागून दोन-दोन माणसांची टेबलं. दिवा पिवळा आहे, समोरच्याचा चेहरा नीट दिसेल इतका. निळ्या-लाल दिव्यात माणूस हसतोय की वैतागलाय तेच कळत नाही, आणि मला त्याचा चेहराच तर बघायचा होता.

बाथरूम आधी बघितलं. बायकांचं वेगळं आहे, काउंटरच्या मागच्या बाजूला. आतून कडी लागते, नळाला पाणी, दाराला खुंटी आणि चालू दिवा. जागा निवडताना हे सगळ्यात आधी बघा, मेनू कार्ड नंतर.

काउंटरवर पन्नाशीचे एक अण्णा बसतात. त्यांना विचारलं, "अण्णा, गुरुवारी खिडकीचं टेबल मिळेल का? संध्याकाळी साडेसात." त्यांनी वही काढली आणि विचारलं, "किती जण?" म्हटलं, "दोघं." त्यांनी 'खिडकी, 2' लिहिलं आणि वही मिटली. कोण, कशासाठी, काही नाही. लहान गावात हे मिळणं कठीण आहे. इथे रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना आपले बाबा माहीत असतात.

गुरुवार मी मुद्दाम निवडला. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटण-चिकनचे वार, त्या दिवशी बार भरलेले असतात आणि आवाज इतका की ओरडून बोलावं लागतं. सोमवार आणि गुरुवारी निम्मं गाव वार पाळतं, मार्गशीर्षात तर गुरुवारी टेबलं रिकामीच. निवांत बोलायचं असेल तर गुरुवारसारखा दिवस नाही. फक्त तारीख ठरवण्याआधी त्या दिवशी ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंदचा दिवस, नाही ना, ते बघून घ्या. 2 ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो, पण आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी विसरायला होते. निवडणुकीच्या वेळी मतदान संपण्याआधीचे 48 तासही दारूविक्री बंद असते.

आणखी एक. आपल्याकडे बारला परमिट रूम म्हणतात ते 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे. त्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. बिअरला वय 21 पूर्ण हवं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला 25. एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना बारमध्येच मिळतो. मी 1000 रुपये भरून आजीवन परवाना काढून ठेवलाय आणि तो पर्समध्ये असतो. मला तो जवळ असलेला आवडतो. आपण काही लपूनछपून करत नाही, हे स्वतःला सांगायला बरं पडतं.

तर गुरुवार. तो माझ्याआधी पोचला होता, जिन्याच्या तोंडाशी उभा. वर गेल्यावर टीव्ही मोठ्याने लागलेला, कुठली तरी जुनी मॅच. मी आवाज कमी करायला सांगितलं, लगेच केला. खिडकीच्या टेबलावर 'राखीव'ची पाटी ठेवलेली होती.

मी एक माइल्ड बिअर सांगितली, मोठी बाटली. त्याने फ्रेश लाइम सोडा. आता जे सांगतेय त्यासाठीच मी हा बार सुचवतेय. पोरगेलासा वेटर ट्रे घेऊन आला, ट्रे टेबलाच्या कडेला टेकवला आणि आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "बिअर कोणाची?" मी म्हटलं, "माझी." त्याने बाटली माझ्यापुढे धरली, थंड आहे का ते बघायला. मी हात लावला, मान हलवली. मग त्याने ओपनर लावला, ग्लास तिरका धरून अर्धा भरला, फेस बसू दिला आणि बाटली माझ्या उजव्या हाताशी ठेवली. चेहऱ्यावर काहीही नाही. शेजारच्या टेबलावर जसं केलं असतं, तसंच. मग समोर वळून विचारलं, "सोडा गोड की खारा?" तो म्हणाला, "मिक्स." मी त्याच्याकडे बघत होते. तोही माझ्या ग्लासकडे टक लावून बघत नव्हता, चखण्याच्या वाटीतले शेंगदाणे आणि चणे वेगळे करत होता. माझ्या खांद्यांवरचा भार उतरला. खरंच उतरला.

चखणा फुकट येतो: खारे शेंगदाणे, उकडलेले चणे कांदा-लिंबू मारून, काकडी. चणे चांगले, मऊ आणि गरम. मसाला पापड वेळेत खाल्ला तर ठीक. चना कोळीवाडा मागवाच. बाहेरून कुरकुरीत, वरून चाट मसाला आणि तळलेला कढीपत्ता, आणि तेल ताजं असल्याचं वासावरून कळतं. मी तवा सुरमई सांगितली आणि त्याच्यापुढे ताट सरकवलं, तेव्हा कळलं की तो गुरुवार पाळतो. शांत वार म्हणून मी निवडलेला दिवस त्याचा शाकाहाराचा निघाला, आणि फोनवर वार ठरवताना तो काही बोलला नव्हता. "तुम्हाला सोयीचं होतं ना," एवढंच म्हणाला. सुरमई मी एकटीनेच खाल्ली. मसाला छान होता, आंबट-तिखट, पण तुकडा तव्यावर जरा जास्त राहिला होता आणि कडेने कोरडा पडला होता. दाल खिचडी दोघांत एक घेतली. लसणाची फोडणी वरून, वेगळ्या पळीत आणून टेबलावर ओतली. खिचडी येईपर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. कधी आलो ते नक्की आठवत नाही.

दोन तास बसलो. मध्ये कोणी "आणखी काही?" म्हणून घाई केली नाही. बाजूच्या खिडकीतून कर्जतकडे जाणारी लोकल गेली की काच थरथरायची आणि आम्ही तेवढ्यापुरतं बोलणं थांबवायचो. ते मला आवडलं. पहिल्या भेटीत गप्प बसायला निमित्त लागतं.

बिल आलं ते टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलं, वर बडीशेप-खडीसाखरेची वाटी. त्याच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला नाही. बिअर 340, खाणं आणि दोन सोडे मिळून 1090. बिल नीट वाचा, कारण दोन वेगळे कर असतात. खाण्यावर 5 टक्के जीएसटी, आणि दारूवर 10 टक्के व्हॅट, जो 1 नोव्हेंबर 2023 च्या आधी 5 टक्के होता. सगळं मिळून 1519 झाले. सर्व्हिस चार्ज लावला नव्हता. मी पैसे भरले आणि त्याने तिथल्या तिथे 760 मला पाठवले. वाद नाही, मानापमान नाही.

आता कमी काय ते. जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला. साडी किंवा टाचांची चप्पल असेल तर उतरताना जपून. गुडघे दुखणाऱ्याला हा बार नकोच. एसी गळतो, त्याच्याखाली स्टीलचं पातेलं ठेवलंय आणि चार नंबरच्या टेबलावर त्याचा टपटप आवाज येतो, तिथे बसू नका. दाराशी कोणी सिगरेट ओढत असेल तर धूर आत येतो. मी सांगितल्यावर अण्णांनी त्या माणसांना खाली पाठवलं, पण सांगावं लागलं. वाइन मागू नका, एकच बाटली आहे आणि कधी उघडली ते कोणालाच ठाऊक नाही. पाण्याची बाटली न विचारता आणून ठेवतात. साधं पाणी हवं असेल तर आधीच सांगा.

जिना उतरलं की स्टेशन सात मिनिटांवर, सगळा रस्ता दिव्यांचा, दोन मेडिकल आणि एक आइस्क्रीमवाला उशिरापर्यंत उघडा. शेअर रिक्षाचा स्टँड त्याच वाटेवर. त्याने मला रिक्षात बसेपर्यंत सोबत केली आणि मग अंबरनाथची गाडी पकडायला पुलावर गेला. मी कात्रपला दहाच्या आत घरी. आईने विचारलं, "कुठे भेटलात?" मी जागेचं नाव सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तिथली खिचडी चांगली असते म्हणतात."

पुढच्या वेळी शुक्रवार ठरलाय, त्याला सुरमई खायची आहे. शुक्रवारी गर्दी असते, म्हणून अण्णांना आधीच विचारून ठेवलं. खिडकीचं टेबल साडेसातपर्यंत धरून ठेवतो म्हणाले, त्यानंतर नाही. आणि सुरमई या वेळी तव्यावरून जरा लवकर उतरवायला सांगितलीय.