शिष्यवृत्ती शोधून देणारं पोर्टल: आठ महिने वर्गणी भरून वापरल्यावर

चेव्हनिंगचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मास्टर्ससाठीच्या शिष्यवृत्तीचा, अर्ज हुकला. चारही निबंध तयार होते. शेवटच्या दिवशी रात्री साडेनऊला चौथा निबंध आणखी एकदा वाचला, पेस्ट करायला गेले, तर अर्ज स्वीकारणं बंद झाल्याची ओळ समोर. दुसऱ्या टॅबमध्ये पोर्टलचं कार्ड, म्हणजे या शिष्यवृत्तीची माहिती दाखवणारं त्यांचं छोटं पान, उघडं होतं. त्यावर त्याच दिवसाची तारीख आणि खाली हिरव्या अक्षरांत 'आज शेवटचा दिवस'. वेळ कुठेच नाही. चेव्हनिंगची मुदत मध्यरात्री संपत नाही, दुपारी १२ ला संपते, आणि कुठल्या घड्याळाचे १२ तेही त्यांच्या पानावर दिलेलं असतं. ते पान मी ऑगस्टमध्ये एकदा बघितलं आणि पुढे कार्डावर विसंबले. चूक माझी आहेच. पण तारखा सांभाळण्यासाठीच तर मी पैसे भरत होते!

पोर्टल काय करतं हे इथे येणाऱ्यांना माहीत असेल, म्हणून थेट अनुभवावर येते. वर्षाची वर्गणी इंग्रजीच्या परीक्षेच्या फीच्या साधारण निम्मी. पुष्कळ विचार करून भरली. पहिले दोन महिने मी खूश होते. 'पूर्ण निधी' हा फिल्टर लावला की दीडशेच्या वर नावं यायची. मग एकेक उघडून वाचायला लागले, तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी निघाली ती फीमधली सूट, जी प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ आपणहून देतं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठंसुद्धा त्याच फिल्टरमध्ये, का तर फी नाही. राहण्याजेवणाचा खर्च कोण देणार? शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, बहुतेक जण ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवतात, ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते. आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फीही आहे. याला पूर्ण निधी म्हणणं म्हणजे फसवणूक, असं मी जूनमध्ये त्यांना लिहून कळवलं. उत्तर आलं नाही.

तरी तेव्हा वर्गणी बंद केली नाही, कारण एक गोष्ट खरंच उत्तम आहे. शिफारसपत्रं देणाऱ्यांची नावं टाकली की पोर्टल त्यांना मुदतीच्या तीन आठवडे आधी आणि मग दहा दिवस आधी नम्र भाषेत मेल पाठवतं. माझ्या प्राध्यापिकांना सतत आठवण करून द्यायचा मला फार संकोच वाटायचा. दोन्ही पत्रं वेळेत पोचली, आणि पहिल्यांदा वाटलं की पैसे वसूल झाले.

पण तारखेचा रकाना! एकदा शंका आली की सगळीकडे तेच दिसायला लागतं. इरॅस्मस मुंडसचं, म्हणजे युरोपीय संघाच्या संयुक्त मास्टर्स अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीचं, अख्खं एकच कार्ड आहे आणि त्यावर जानेवारीतली एकच तारीख. प्रत्यक्षात तिथे प्रत्येक अभ्यासक्रम विद्यापीठांचा वेगळा गट चालवतो, अर्ज त्या गटाकडेच करायचा आणि मुदतही ज्याची त्याची. महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने आणि फी माफ. एवढी मोठी संधी एका चुकीच्या तारखेवर टांगून ठेवली आहे. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचंही तसंच. दूतावासाच्या शिफारशीचा मार्ग वेगळा, विद्यापीठाच्या शिफारशीचा वेगळा, दूतावासाच्या तारखा देशागणिक बदलतात, कार्ड मात्र एकच. माझ्या यादीत अकरा कार्डं होती. मूळ पानं उघडून एका संध्याकाळी सगळी ताडून बघितली. चारच पूर्ण बरोबर.

चेव्हनिंगच्या कार्डावर 'दोन वर्षांचा अनुभव' एवढंच लिहिलं होतं. मूळ नियमात २,८०० तास आहेत आणि अर्धवेळ काम, स्वयंसेवी काम, इंटर्नशिप हेही धरलं जातं. माझी मैत्रीण 'आपण बसत नाही' म्हणून ते कार्ड ओलांडून गेली होती. तिचे तास मी तिच्याबरोबर बसून मोजले, तर तीन हजारांच्या वर भरले. शिक्षण संपल्यावर मायदेशी परतून किमान दोन वर्षं राहण्याची अट मात्र कार्डावर नव्हतीच.

हुकलेल्या अर्जानंतर मी रिफंड मागितला. उत्तर: 'दाखवलेली तारीख बरोबर होती.' दोन्ही स्क्रीनशॉट पाठवले. चौथ्या मेलनंतर रिफंडऐवजी वर्गणीला दोन महिन्यांची मुदतवाढ दिली, जी मी मागितलीच नव्हती. तीन आठवड्यांनी त्या एका कार्डावर वेळ दिसायला लागली, म्हणजे वेळेचा रकाना करता येतो. बाकीच्या कार्डांवर अजून नाही.

पहिल्या महिन्यात मी इथे चार तारे दिले होते, ते आज दोनवर आणते. दोन्ही तारे शिफारसपत्रांच्या मेलसाठी.

पीएचडी करणाऱ्यांनी तर वर्गणी भरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथला मोठा पैसा शिष्यवृत्ती या नावाखाली नसतोच. अमेरिकेत तो टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून, म्हणजे विद्यापीठातल्या शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या पगारी कामातून येतो, युरोपात पगारी नोकरीच्या जाहिरातीतून, आणि त्या जाहिराती युरॅक्सेस या संशोधकांसाठीच्या युरोपीय पोर्टलवर फुकट दिसतात. युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडीच्या जागाही तिथेच लागतात. फक्त या जागांसाठी नियुक्तीच्या आधीच्या ३६ महिन्यांत, जिथे नियुक्ती होणार त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीसाठी डीएएडी या तिथल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा शिष्यवृत्ती-शोध फुकट आहे आणि त्यात देश, विषय, पातळी सगळे फिल्टर आहेत. हे मला वर्गणी भरायच्या आधी कोणी सांगायला हवं होतं.

ऑटो-रिन्यू बंद केलंय. ते बटण 'प्रोफाइल'मध्ये नाही, 'बिलिंग'च्या तळाशी बारीक अक्षरांत आहे. आता एक साधी शीट केलीय: नाव, मूळ पानाची लिंक, तारीख, वेळ, कुठल्या देशाची वेळ, आणि ते पान मी शेवटचं कधी उघडलं. इरॅस्मसच्या तीन अभ्यासक्रमांच्या तीन ओळी आहेत, तीन वेगळ्या तारखांच्या. त्यातली सर्वांत जवळची बारा दिवसांवर आहे आणि तिसरं शिफारसपत्र अजून यायचंय, त्याची आठवण उद्या मी स्वतःच करणार आहे.