कॉलेज रोडवर करून घेतलेलं प्रवाळाच्या एक्स-रेचं पोस्टर

विज्ञान प्रदर्शनासाठी प्रवाळाच्या कापाच्या एक्स-रेचं मोठं पोस्टर हवं होतं, नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका प्रिंटिंगवाल्या दादांकडे दिलं आणि काम खरंच एक नंबर झालंय. असल्या फोटोत सगळा जीव राखाडी शेड्समध्ये असतो, प्रवाळाच्या सांगाड्यातला एक दाट पट्टा आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष, पोराइटिस नावाच्या प्रवाळात ते साधारण सेंटीमीटरभरच, त्यामुळे प्रिंट जरा काळी आली की वर्षंच गायब! दादांनी आधी छोटं सॅम्पल काढून दाखवलं, मग काँट्रास्ट वाढवला, मॅट पेपरही त्यांनीच सुचवला.

हे पट्टे वर्षाचेच हे १९७२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक बेटांच्या प्रवाळांवरून पक्कं झालं, तिथे झालेल्या अणुचाचण्यांचे किरणोत्सारी थर सांगाड्यात अडकले होते आणि त्या चाचण्यांच्या तारखा माहीत होत्या, अंगावर काटा येतो हे वाचून. पण दाट पट्टा सगळीकडे एकाच ऋतूत बनत नाही हां, बऱ्याच ठिकाणी समुद्र तापलेला असताना, काही ठिकाणी थंडीत, म्हणून पोस्टरवर ऋतूंची नावं टाकायच्या आधी फोटो कुठल्या समुद्रातला ते बघा. ग्लॉसी लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट चमकते आणि बारीक पट्टे दिसत नाहीत. डिलिव्हरी वेळेत.