एमजीबीचा गंजलेला पत्रा आणि अक्कलकोट रोडवरचे गॅरेज

वडिलांची १९६५ सालची एमजीबी स्पोर्ट्स कार अनेक वर्षे ताडपत्रीखाली उभी होती; ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका लहान गॅरेजकडे सोपवले आणि तो निर्णय योग्य ठरला. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या ब्रिटिश गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दरवाजाखालचा पत्रा गंजला की गाडी मधोमध खचू लागते. येथील मिस्त्रींनी तो पत्रा कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करून घेतले, म्हणूनच आज दरवाजा हलक्या हाताने लोटला तरी नीट बसतो.

१७९८ सीसी इंजिनाचे दोन एसयू कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) जुळवताना त्यांनी रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरले, आणि दोन्हींचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहिले. असे कान असलेले कारागीर आता विरळाच. आजच्या गाड्यांच्या उलट, या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, हेही त्यांना सांगावे लागले नाही.

सीटची शिलाई मात्र वाकडी आली, आणि चार महिन्यांचे काम नऊ महिने चालले. रेडिएटरची जाळी त्यांनी आग्रहाने नवी बसवली. सोलापूरच्या मे महिन्यात, भर दुपारी होटगी रोडवरही इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरच राहिला.