४० पाउंडांचं लाकडी धनुष्य आणि ताठ बाण: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

धनुष्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. सगळं लाकूड, मुठीजवळ बाणासाठी खाच कापलेली नाही, पातीवर लिहिलेलं ‘२८ इंचांवर ४० पाउंड’, म्हणजे २८ इंच ओढलं की हाताला ४० पाउंडांचा जोर. परभणीचा उन्हाळा सोसला, आता पावसाळाही संपत आलाय. तडकलं नाही, पिळलं नाही. पैसे वाया जातात ते बाणांत, म्हणून लिहितोय.

दुकानदारानं धनुष्यावरचा आकडा वाचून ४०-४५ स्पाइनचे लाकडी बाण दिले. स्पाइन म्हणजे दांडीचा ताठपणा; लाकडी बाणांत तो धनुष्याच्या पाउंडांतच सांगतात, आकडा मोठा तेवढी दांडी ताठ. वरवर हिशेब बरोबर. पण मी दोरी ओढतो ती २६ इंचच. इंचामागं अडीच पाउंड धरले, तरी माझ्या हाताला येतात ३५ च. सामान मोजायचा हुकवाला काटा दोरीला लावून २६ इंच ओढलं, तर १६ किलोच्या आतबाहेर आकडा येतो. म्हणजे तेवढेच.

त्यात असल्या धनुष्यात बाण मधोमध बसत नाही, मुठीच्या कडेला बसतो. सुटला की लवत लवत मुठीला वळसा घालून जातो. फार ताठ असला की लवत नाही, कडेला आपटतो आणि उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडं पडतो. फार लवचीक असेल तर उलट, उजवीकडं. मी नेम धरायचो कडब्याच्या मधल्या पेंढीवर, बाण रुतायचा डावीकडच्या पेंढीत. प्रत्येक बाणाला खट्‌ आवाज, आणि मुठीच्या चामड्यावर घासून घासून चकाकती रेघ उमटलेली. सोबतचे म्हणायचे, तुझी बोटं सुटताना हलतात. हलत असतीलही, पण बोटांनी चामड्यावर रेघ पडत नाही! पिसं नसलेला एक बाण त्याच नेमानं सोडला, तर तो पिसांच्या बाणांच्याही डावीकडं गेला. पिसं बाणाला थोडंफार सावरून घेतात, उघडी दांडी खरं सांगते.

मग दांड्या घरीच मोजल्या. फळीवर २६ इंचांवर दोन खिळे, त्यावर आडवी दांडी, मधोमध ९०७ ग्रॅम वाळूची पिशवी, म्हणजे दोन पाउंड. दांडी जितके इंच खाली लवली, त्यानं २६ ला भागायचं. ०.६५ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर लवली तर स्पाइन ४०. अर्धा इंच लवली तर ५२. माझ्या डझनात काही दांड्या ४० च्या, काही थेट पन्नाशीच्या. पाकिटावर छापलेलं मात्र सगळ्यांना एकच. दांडी फिरवून मोजली की आकडा बदलतो, लाकडाच्या रेषा कशा आडव्या-उभ्या आहेत त्यावर. ताठ बाजू मुठीकडं यावी, म्हणून बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच रेषांना काटकोनात हवी. आलेल्यांपैकी दोन-तीन बाणांची खाच वाकडीच होती.

१०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) जागी १२५ ग्रेनचं टोक लावल्यावर बाण थोडे उजवीकडं सरकले, कारण जड टोकानं दांडी जास्त लवते. लांब दांडीही जास्त लवते, म्हणून कापायची घाई नको. कापली की आणखी ताठ. पण पन्नाशीच्या दांड्या एवढ्यानं वळणावर आल्या नाहीत. शेवटी ३०-३५ स्पाइनच्या घेतल्या. खट्‌ आवाज गेला आणि बाण मधल्या पेंढीत पडायला लागले.

पावसाळ्यात लाकूड दमट होऊन धनुष्याचा जोर जरा उतरतो. तेव्हा तेच बाण पुन्हा थोडे ताठ वागतात. काट्यावर ओढून बघितलं की कळतं. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत तर धनुष्य ठेवूच नका, दोरी चढवलेलं तर नाहीच.

कार्बनचे बाण घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, तिथं आकडा उलटा चालतो: ६०० पेक्षा ५०० ताठ. आणि लाकडी बाण सोडण्याआधी दरवेळी हातात हलका वाकवून, कान लावून बघायचा. करकर आवाज आला की तो बाण बाजूला.

पुढचा डझन स्पाइनमध्ये दोन-तीन पाउंडांच्या फरकातला निवडून दे म्हणून दुकानदाराला सांगणार आहे. महाग पडतो, पण मोजमापाचा अर्धा ताप वाचतो.