खोकल्याला औषध न देणारा दवाखाना

"औषध दिलं नाही आणि फी मात्र पूर्ण घेतली," असं पहिल्या दिवशी घरी येऊन मीच कुरकुरले होते. आता दोन्ही पोरांचे खोकले पार पडल्यावर या बालरोगतज्ज्ञांबद्दल लिहितेय.

थोरली साडेचार वर्षांची. सर्दी चार दिवसांत गेली, खोकला 17 दिवस झाले तरी हटेना. दिवसा हुंदडायची, रात्री पाठ टेकली की सुरू. आधीच्या एका दवाखान्यात (नाव घेत नाही) तिसऱ्याच दिवशी, छाती न तपासता अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. खोकला होता तिथेच, वर जुलाब लागले. म्हणून इथे आलो.

तक्रारी आधीच सांगते. वेळ साडेपाचची होती, आत बोलावलं पावणेसातला. फोन लागत नाही. खोकणारी पोरं आणि लसीला आलेली तान्ही बाळं एकाच बाकावर, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आत गेल्यावर मात्र घाई नाही. डॉक्टरबाईंनी औषधाआधी प्रश्नच विचारले. खोकला कोरडा की ओला? खोकून खोकून उलटी होते का, उबळ संपताना श्वास आत ओढल्याचा आवाज येतो का? हे डांग्या खोकल्यासाठी. पळाल्यावर वाढतो का, घरात कुणाला दमा आहे का? काही खाताना ठसका लागून अचानक सुरू झाला का? घरात सिगारेट कोण ओढतं? इथे नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत बसला.

मग फ्रॉक वर करून मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि मला म्हणाल्या, "पोट किती वेळा वर येतं ते तुम्ही मोजा." मी 28 मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलात हा आकडा 40 किंवा वर गेला तर श्वास जलद. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50, त्याहून लहान बाळात 60. मूल शांत असताना मोजायचं, रडताना नाही, आणि अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, तेही बघायचं. मुलं झाल्यापासून इतकं कामाचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

"पण कफ हिरवा पडतोय," मी हेका सोडला नाही. "विषाणूच्या सर्दीतही पडतो. रंग बघून मी अँटिबायोटिक देत नाही, ते विषाणूवर चालतच नाही," एवढंच उत्तर. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो म्हणे. सिरपही नाही. झोपताना चमचाभर मध. धाकट्याला मात्र वर्षाचा होईपर्यंत चाटवायचासुद्धा नाही, बोट्युलिझमचा (जिवाणूमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो.

चिठ्ठीवर औषधाच्या जागी, चक्क वाचता येईल अशा अक्षरात, परत कधी यायचं ते होतं: ताप तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, वजन घटलं, खोकला चार आठवड्यांपुढे गेला तर. तोवर तो ओलाच राहिला तर अँटिबायोटिकचा विचार तेव्हा करू म्हणाल्या. ओठ निळसर दिसले, धाप लागली किंवा पाणीही पिईना, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.

थोरलीचा खोकला कधी थांबला ते कळलंच नाही. साधारण 23 व्या दिवशी लक्षात आलं की रात्री कुणी उठलं नव्हतं.

महिन्याभराने धाकटा, आठ महिन्यांचा. खोकला दोनच दिवसांचा, अंग गरम, दूध अर्ध्यात सोडायचा. झोपल्यावर झबलं वर करून मोजलं: 56. चुकलं असेल म्हणून नवऱ्याला मोजायला लावलं, त्याचे 54. फोन अर्थातच लागला नाही, तसेच निघालो. दारातच आकडा सांगितला, तर रिसेप्शनवरच्या मुलीने रांग मोडून आत सोडलं. बाईंनी छाती ऐकली, पुन्हा मोजलं, न्यूमोनिया म्हणाल्या आणि पहिल्याच भेटीत अँटिबायोटिक लिहिलं. दोन दिवसांनी दाखवायला बोलावलं. गेलो तेव्हा 38 होते. हेही मीच मोजले, बाकावर बसल्या बसल्या.